उकळत्या पाण्यावरची गिरणी

काचिगुंडा घरजावई. डोवा जिल्ह्याकडच्या रीतीने तो बायकोच्या गावी राही आणि सासूची मक्याची गिरणी चालवी. इंजिन एका सिलिंडरचं, डिझेलचं, वर पाण्याची उघडी टाकी. पाणी जरा तापलं की तो ते सोडून देई आणि बोअरचं गार पाणी ओती. दिवसभर तेच. लहानपणी मामाच्या इंजिनातलं पाणी आटून पिस्टन अडकला होता. अडकताना इंजिनाने मारलेली किंकाळी त्याच्या कानातून गेली नव्हती. तो स्वस्थ बसून जेवलेला कुणाला आठवत नाही. गारठलेलं इंजिन मात्र पांढरा धूर ओकत डिझेल ढोसत राही.

सासूचा भाऊ वारला. दुसऱ्या दिवशी मूठमाती. पाहुण्यांच्या न्सिमासाठी, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीसाठी, घरोघरचा मका गिरणीत आला, आणि जवळच्या म्पोनेला गावच्या पेट्रोलपंपावर डिझेल नव्हतं. होतं ते कॅनच्या तळाशी.

"दाजी, पुरेल ना?" मेहुणी एनेलेसीने कॅन हलवून पाहिला.

"पुरायला हवं."

"नाही पुरलं, तर आई तुमची चटई अंगणात फेकेल आणि तुम्हाला तुमच्या गावी धाडेल हो."

"तू आधी पाणी आण."

"कोण आणणार? बायका सगळ्या मयताच्या घरी. ही एक बादली, तीही माझी मेहेरबानी."

एका बादलीत टाकीतलं पाणी बदलता येईना. आटेल तेवढंच भरायचं, दुसरा इलाजच नव्हता. पाणी सळसळू लागलं, वाफ आली. काचिगुंडा उठे, बसे, मगात पाणी घेई, थोडं ओती. हात टाकीच्या तोटीकडे जाई आणि मागे येई.

"दाजी, खाज सुटलीय का अंगाला?"

"गप. ऐक."

इंजिनाची खडखड कमी झाली होती. ठोके गोल, भरीव पडत होते. धूर विरळ होत दिसेनासा झाला. एकामागून एक टोपली रिकामी होत गेली. शेवटची दळून झाली तेव्हा त्याने कॅन तिरका केला. आत डिझेल अजून हलत होतं.

एनेलेसीने वाफाळत्या टाकीकडे पाहिलं, मग बादलीकडे.

"म्हणजे दाजी, एवढी वर्षं आम्ही बोअरवरून पाणी वाहिलं, ते कशाला?"

काचिगुंडाने पिठाचं पोतं डोक्यावर घेतलं आणि मयताच्या घराकडे झपाझप चालू लागला.