गळ्याचं माप

एड्सचं नाव निघालं की लोक लांब सरकत, तेव्हाची गोष्ट. रोह्यात कंपनीचे गणवेश शिवणारा तो शिंपी माप कधी लिहून घेत नसे. आकडा एकदा मोठ्याने म्हटला, की त्याच्या डोक्यात पक्का. कुणी लाजलं की म्हणे, "टेपला काय लाजता? ती कुनाला सांगाय जात नाय."

एकदा माझ्या गळ्याचं माप घेताना तो थांबला. मानेवरच्या गाठी त्याच्या बोटांना लागल्या होत्या. कंबरही दोन इंच उतरली होती.

"दादा, ताप येतो?"

"येतो-जातो."

"तुमी ट्रकवर महिनामहिना भायेर. डाक्टर कंपनीच्या गेटवर एड्सचं सांगून गेलेत ना? रक्त तपासा."

बाहेर मी काय केलं होतं, ते मला ठाऊक होतं. महिनाभर टाळलं. शेवटी दुकान बंद ठेवून तोच मला अलिबागच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. खिडकीवर कसली तपासणी, असं विचारलं आणि माझी जीभ उचलेना.

"एड्सची," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "आधी माझं नाव लिव्हा, मंग दादांचं."

त्याच्या रक्तात काही निघालं नाही. माझ्या निघालं.

"वहिनींना आजच सांगा," एवढंच तो म्हणाला.

मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिला तपासायला नेलं, तेव्हा खिडकीवर मीच मोठ्याने बोललो. तिला लागण नव्हती.