विंगेतल्या बाईचं भूत

आपण मेलो आहोत हे मावशीला तिच्या भाचीकडून कळलं. जिवंतपणी त्या जुन्या नाट्यगृहाच्या एकाही फलकावर जिला जागा मिळाली नाही, तिचं भूत मात्र रंगीत पत्रकावर झळकलं होतं: 'विंगेतल्या प्रॉम्प्टरबाईची कुजबुज! हृदय कमजोर असणाऱ्यांनी येऊ नये.' मावशी भाजी निवडत बसली होती. भाचीने पत्रक तिच्या पुढ्यात ठेवलं.

"मावशी, तू गेलीस कधी? कळवलंसुद्धा नाहीस."

मावशीने चष्मा लावून पत्रक उलटसुलट वाचलं. "ही भुतं दाखवतंय कोण?"

"महाराज."

"मग बरोबर. त्यांना माणसं कधी दिसलीच नाहीत."

महाराज म्हणजे तिथले एकेकाळचे नायक. राजाच्या भूमिका करून करून लोक त्यांना महाराज म्हणू लागले आणि त्यांनी ते मनावर घेतलं. आवाज भारदस्त, चाल डौलदार, पाठांतराच्या नावाने शंख. पहिल्या अंकात त्यांना दुसऱ्या अंकातलं आठवायचं आणि दुसऱ्या अंकात काहीच आठवायचं नाही. अडले की ते उजवा हात उंच करून आढ्याकडे बघत. प्रेक्षकांना वाटे, केवढा विचार करतोय हा माणूस. विचार कसला, तो हात म्हणजे मावशीला हाक होती. विंगेत पडद्याच्या दोरांआड स्टुलावर बसलेली मावशी वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द श्वासाबरोबर सोडायची. ते नायकाला ऐकू जायचे, पहिल्या रांगेला नाही. प्रॉम्प्टर प्रेक्षकांना ऐकू आला की तो वाईट प्रॉम्प्टर. मावशी कधीच ऐकू आली नाही, म्हणून तिचं कौतुक करायचं कुणाला सुचलं नाही. महाराजांना तर त्यात कौतुक करण्यासारखं काही आहे हेच ठाऊक नव्हतं.

नाटकं मिळेनाशी झाल्यावर महाराजांनी भुतांचा धंदा काढला. नाटकाला बोलावलं तर नाक मुरडणारी माणसं भुतांसाठी रांग लावून तिकीट काढत होती. नाट्यगृहातली भुतं दाखवणारी ही फेरी दुपारची असायची, कारण संध्याकाळी सभागृह भाड्याने दिलेलं. म्हणजे भुतांनाही वेळेत जागा रिकामी करून द्यावी लागे. मावशी भाचीला घेऊन गेली आणि गर्दीच्या मागे उभी राहिली. महाराजांनी रंगपटातल्या आरशात एक नर्तिका दाखवली, ती कुणालाच दिसली नाही तरी दोघीतिघी किंचाळल्या. मग त्यांनी गॅलरीत खोकणाऱ्या आत्म्याची करुण कहाणी सांगितली.

"आत्मा कसला," मावशी भाचीच्या कानात म्हणाली. "पास मागून फुकट यायचा आणि नेमका रडायच्या प्रसंगात खोकायचा. मेल्याला मीच एकदा खोकल्याची गोळी दिली होती."

भाची तोंडावर हात दाबून हसत होती. पण गर्दी विंगेपाशी आली आणि मावशीचं हसणं थांबलं. महाराज सांगत होते, की भर प्रयोगात प्रॉम्प्टरबाईने आपल्याला चुकीचं वाक्य दिलं, नाटक कोसळलं आणि बाईने त्या शरमेने याच स्टुलावर प्राण सोडला.

नाटक कोसळलं होतं हे खरं. महाराजांनी पहिल्याच अंकात धाकट्या भावाच्या मरणाचा शोक सुरू केला होता आणि तो भाऊ अजून स्टेजवर यायचाच होता. विंगेत बिचारा मिशी चिकटवत उभा होता. लोक हसून हसून लोळले. पडदा पडल्यावर महाराजांनी मावशीकडे बोट दाखवलं, नाटक कंपनीच्या मालकाने ते मानलं आणि मावशीचं काम गेलं. तेव्हा तिने मिठाची गुळणी धरली. नायकाशी कोण भांडणार, आणि भांडून ऐकणार कोण?

ती तडक घरी आली. दाराशी चप्पल काढताना म्हणाली, "मेले म्हणाला ते चालेल. चुकले म्हणाला?"

पुढच्या फेरीला मावशी तयारीने गेली. 'मीच ती बाई. मी मेले नाही आणि चुकलेही नाही,' हे वाक्य तिने भाचीसमोर घोकून ठेवलं होतं. मागच्या फेरीसारखंच 'चूक तिचीच होती' असं महाराज म्हणाले, की पुढे व्हायचं आणि चारचौघांत त्यांचा मुखवटा उतरवायचा. विंगेतले दिवे घालवल्यावर ती सवयीने दोरांआड जाऊन उभी राहिली, भाची तिच्या मागोमाग.

महाराज रंगात आले होते. "मी सिंहासनावरून उठलो. तलवार उपसली. सगळं प्रेक्षागृह श्वास रोखून बसलेलं. आणि तेवढ्यात विंगेतून चुकीचं वाक्य आलं. आणि..."

ते थांबले. पुन्हा म्हणाले, "आणि..." उजवा हात हळूहळू वर गेला. नजर आढ्याला लागली. स्वतः रचलेली थाप हा माणूस स्वतःच विसरला होता. गर्दीत कुणी तरी फिसकन हसलं. एकाने मोबाइल काढला.

इतक्या वर्षांनी देवाने हातात आणून दिलेली संधी होती. मावशीला काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. भाचीने तिचा दंड आनंदाने दाबला. मावशीला तो वर गेलेला हात दिसत होता आणि तिच्या छातीत जुनी धडधड सुरू झाली. तिच्या तोंडून श्वासाबरोबर शब्द निसटले.

"चूक तिचीच..."

हात खाली आला. "चूक तिचीच होती!" महाराज गरजले आणि तिथून ते थेट शेवटापर्यंत न अडखळता गेले. बाई चुकली, नाटक कोसळलं, बाई मेली. टाळ्या कडाडल्या. कुजबुज ऐकायला पैसे मोजून आलेल्यांपैकी एकालाही ती ऐकू आली नव्हती.

भाची तिच्याकडे बघतच राहिली. "मावशी, हे काय केलंस?"

"अडला होता गं." मावशीला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"मग आता तरी पुढे हो. सांग सगळ्यांना."

"कोणत्या तोंडाने सांगू? ते वाक्य मीच दिलं."

महाराज टाळ्या झेलत, विंगेकडे वळूनही न बघता, गर्दीला पुढच्या भुताकडे घेऊन गेले.