लेकीच्या घरचं गरम पाणी

लग्नानंतर लातूरच्या स्टँडवर हैदराबादच्या बसमध्ये बसले, तेव्हा खिडकीखाली उभी राहून आई म्हणाली होती, "तू येत जा गं. मी काही लेकीच्या घरी राहायला यायची नाही." रडत होते मी, पण तेवढ्यातही राग आलाच. वीस वर्षं ती खरंच दोन रात्रींच्या वर राहिली नाही.

या वीस वर्षांत मी पुरती बदलले. हैदराबादेत आमच्या काचीगुड्याच्या भाजीवाल्याशी 'हौ, नक्को' करते, घरात वरणाच्या जागी तेलुगू पप्पू शिजतं, लातूरच्या मैत्रिणी माझ्या बोलण्याला हसतात. मग बाबा गेले. आईला माझ्याशिवाय कुणी नाही. गेल्या हिवाळ्यात मी आणि माझा नवरा श्रीधर, दोघं जाऊन तिला घेऊन आलो. पण बाई निघाली ती परतीचं तिकीट काढायला लावूनच! पंधरा दिवसांत तिचं मन वळवायचं होतं.

आई अगदी पाहुणीसारखी राहायची. भाजी कशी झाली? छान. झोप लागली? लागली. जावयाशी तर 'हो जावईबापू, नको जावईबापू' एवढंच.

आठव्या दिवशी ती अंघोळीला गेली ती बाहेरच येईना. हाका मारल्या, ओ नाही. श्रीधरने खांद्याने दार उघडलं. आई कशीबशी लुगडं गुंडाळून भिंतीला टेकलेली, डोळे अर्धे मिटलेले. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तेव्हा तासाभराने नीट बोलायला लागली.

दुपारी तिला घरी आणलं, तोवर न्हाणीघरातला गॅस गीझर बघायला गीझरवाला आला. त्याने पाण्याची जाळी काढून दाखवली. बोअरच्या खाऱ्या पाण्याचा चुना गच्च बसला होता. "पानी कम आता, गीझर बीच में बंद हो जाता," तो म्हणाला. "पन खिडकी काय कू बंद करे, मा? गॅस अंदरीच भरता, जान जाती!"

खिडकीत आईचं जुनं लुगडं कोंबलेलं होतं.

"रोज मधेच गार पाणी यायचं," आई हळूच म्हणाली. "थंडी वाजायची, म्हणून फट बुजवली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लेकीच्या घराला नावं ठेवू?"

"मेली असतीस आई तू!" मी ओरडले आणि ढसाढसा रडले. श्रीधरने त्याच दिवशी गीझर बाल्कनीत बाहेरच्या भिंतीवर लावून घेतला. मग आईसमोर बसून म्हणाला, "आई, मला शिव्या द्या, पण काय हवं-नको ते सांगा." तिकीट रद्द झालं. 'संक्रांतीपर्यंतच हं,' असं आईने बजावलं.

संक्रांत झाली, उगादीचा पाडवाही झाला. परवा मी भाजी चिरत होते, तर न्हाणीघरातून आवाज आला, "अरे श्रीधर! कसलं रे हे गारढोण पाणी? बघ की जरा!"

गीझर पेटवणारे सेल संपले होते. श्रीधर हसत नवे सेल शोधायला धावला. मी मात्र हातातली सुरी खाली ठेवली. माझ्या घरात आई पहिल्यांदा हक्कानं ओरडली होती.

हल्ली कुणी गाव विचारलं की मी लातूर नाही, काचीगुडा सांगते. आई असते ना आमची इथं.