सहावं वल्हं आणि चंद्री म्हैस

कल्पना करा, तुम्ही होडीत बसला आहात. पाय समोरच्या आडव्या फळीला टेकवलेले, हातात आठ हात लांब वल्हं, आणि जायचं ठिकाण तुमच्या पाठीमागे. मान वळवायची नाही. पुढे वाका, पातं पाण्यात बुडवा, अंग मागे टाकत ओढा, मूठ खाली दाबा की पातं आपोआप वर. परत वाका. आता हेच सतरा वर्षांच्या एखाद्या गवळी धनगराला सांगून बघा, ज्यानं जन्मभर म्हशींमागून चालत पुढची वाट पाहिली आहे!

बिरूनं पहिल्याच दिवशी तोंड फिरवलं, पुढचा काठ डोळे भरून पाहिला आणि जीव खाऊन वल्हं ओढलं. बाकीचे पाच जण एकीकडे, हा एकटा दुसरीकडे. होडी जागच्या जागी गरगर फिरली.

"अरं, दळण घातलंय व्हय?" त्या पाचांतला अय्युब ओरडला.

सगळ्यांत मोठ्यानं हसला तो बिरूच.

हे एकोणीसशे छत्तीस साल. भाटघरच्या धरणाचं पाणी वेळवंडीच्या खोऱ्यात चढून काही वर्षं झाली होती. भोरचे मौलाली मास्तर मुंबईच्या आगबोटींवर बारा वर्षं खलाशी होते. गावी परतल्यावर त्यांनी एक जुनी होडी डांबर लावून उभी केली आणि पोरांचं 'नावाडी पथक' काढलं. दर रविवारी गाठी मारायच्या, वारा ओळखायचा, वल्हवायचं, बुडणाऱ्याला कसं धरायचं ते शिकायचं. परीक्षेत उतरलं की गळ्यात निळा रुमाल.

बिरू वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यातला. पाण्याकाठी राहणाऱ्या आत्तीच्या, कोंडाबाईच्या, म्हशी राखायला आला होता. एका रविवारी त्यानं करवंदीच्या जाळीआडून तो निळा रुमाल पाहिला आणि पुढच्या रविवारी थेट मास्तरांपुढं जाऊन उभा राहिला.

"पवता येतं का?" मास्तरांनी विचारलं.

"येतं की! भरल्या कानंदी नदीतनं धा-बारा येळा पल्याड गेलोय."

हे खरंच होतं. मास्तरांनी सहावं वल्हं त्याच्या हातात दिलं. तीन रविवारांत पोरगा तयार झाला. दिवाळीनंतर सहा जणांनी थेट धरणाच्या भिंतीपर्यंत वल्हवत जायचं ठरलं होतं, आणि बिरू झोपेतही वल्हं ओढून आत्तीच्या घरातली भांडी पाडत होता.

चौथ्या रविवारी परीक्षा. होडी काठापासून साठ हातांवर थांबली; तिथून पोहत काठ गाठायचा. बिरूनं सदरा काढला, फळीवर चढला आणि डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"थांबलास का? मार उडी," मास्तर म्हणाले.

"मारतो की. म्हस कुठाय?"

"कसली म्हैस?"

"मंग धरू काय मास्तर?"

मग उलगडलं. बिरूच्या वाड्यावर नदी ओलांडायची म्हणजे म्हैस पाण्यात घालायची, तिचं शेपूट धरायचं आणि पाय मारायचे. त्याचा बाप असाच पोहायचा, आजाही असाच. पोहणं दुसऱ्या कुठल्या तऱ्हेचं असतं, हे तिथं कुणाच्या कानावरही आलं नव्हतं. मागच्या वल्ह्यावरचा हैबती हसता हसता होडीच्या तळात आडवा झाला. मास्तर मात्र हसले नाहीत.

"म्हंजे तीन रविवार तू मधल्या पाण्यात बसलास, अन् तुला पवता येत न्हाई."

"येतं की, मास्तर."

"म्हशीला येतं! हे बघ, ज्याला पवता येत न्हाई त्याला होडीत जागा न्हाई. पुढच्या रविवारी दुपारी परत बघू. न्हाई जमलं तर वल्हं अय्युबच्या भावाला."

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी बिरू आत्तीच्या चंद्री म्हशीला घेऊन पाण्यात. आजवर त्यानं म्हशीचं फक्त शेपूट धरलं होतं, आता ती पोहते कशी ते पाहिलं. नाक तेवढं वर. अंग सैल. पाय खाली सारखे चालत असतात, पण घाई म्हणून नाही. बिरू शेपूट सोडायचा, दहा आकडे मोजायचा, नाकातोंडात पाणी गेलं की पुन्हा धरायचा. मग वीस आकडे. चंद्रीला हा खेळ एवढा आवडला, की दावं सुटलं की ती आपणहून पाण्याकडे निघायची.

"बिऱ्या, मुडद्या!" आत्ती काठावरून ओरडायची. "भिजवून भिजवून म्हशीचं दूध पांचट केलंस की रं!"

शनिवारपर्यंत तीस हात जमले. बरोबर निम्मे.

रविवारी दुपारी बिरूनं डोळे मिटून उडी मारली. दहा हात गेला, वीस गेला, आणि तिसाव्या हाताला दंड भरून आले. तेवढ्यात काठावर हंबरण्याचा आवाज झाला. चंद्रीची पाण्याची वेळ झाली होती! ती धडाधड पाण्यात शिरली, त्याच्याजवळ आली, एक वळसा घेतला आणि काठाकडे तोंड करून त्याच्या पुढं पोहायला लागली. शेपूट बिरूच्या नाकापासून वीतभर.

"धर, धर!" हैबती बेंबीच्या देठापासून ओरडला.

"धरशील तर बघ!" मास्तर त्याच्याहून मोठ्यानं.

बिरूनं मान वळवून मागे पाहिलं. होडी लांब राहिली होती. पुढं पाहिलं. काठ जवळ आला होता. निम्मं तुटलं! म्हणजे आता माघारी फिरण्यापेक्षा पुढं जाणंच सोपं. शेपूट नाकावर फटके मारत होतं, तरी त्यानं हात लावला नाही. शेवटच्या पाच हातांत तर तो चंद्रीच्या पुढं निघाला आणि चिखलात तोंडावर पडला.

"मास्तर, म्हशीमागं पवलेलं चालतं व्हय?" अय्युब कुरकुरला.

"म्हशीला हरवलंय त्यानं. तू हरवून दाखव, मग बोल," मास्तर म्हणाले आणि त्यांनी निळा रुमाल चिखलासकट बिरूच्या गळ्यात बांधला. दिवाळीनंतर सहा जण धरणाच्या भिंतीला हात लावून आले. वाटेत बिरूनं सगळ्यांना एवढी गाणी म्हणायला लावली, की परतताना कुणाचाच घसा शाबूत नव्हता.

पुढं चाळीस साल उजाडलं तेव्हा बिरू त्याच पाण्यावर स्वतःची होडी चालवू लागला. माणसं, गवताचे भारे, दुधाच्या कासंड्या, एकदा तर वाजंत्र्यांसकट अख्खं वऱ्हाड त्यानं पल्याड नेलं. समुद्र मात्र त्यानं कधी पाहिला नव्हता. वरंधा घाट चढून कोकणातला कुणी होडीत बसला, की बिरू वल्हं जरा थांबवायचा आणि त्याच्याकडे रोखून बघत विचारायचा,

"पाव्हणं, समुद्राला पल्याडचा काठच दिसत न्हाई म्हणत्यात. मग निम्मं पाणी तुटलं, हे नावाड्याला कळतं कसं?"