नुसत्या पाण्याचा वाफा

माझ्या सासूबाई संजीवनी यांना देवाधर्मापेक्षा बुरशीत जास्त रस आहे, हे मी लग्नानंतर महिन्याभरातच माहेरी सांगून टाकलं होतं. कृषी महाविद्यालयात त्यांनी जन्मभर पिकांचे रोग शिकवले. लसूण आणि कडुनिंबाच्या अर्काने मिरचीची फळकूज आटोक्यात येते, हे सिद्ध करणं हा त्यांचा ध्यास. सासरे हसायचे. म्हणायचे, "तुझा काढा मारला काय नि नळाचं पाणी मारलं काय, जगायचं ते झाड जगतंच." चेष्टाच ती, पण आईंना लागायची. कारण रीतसर प्रयोग करून बघायला त्यांना कॉलेजात कधी जमीनच मिळाली नव्हती.

सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे सिंगापूरला आल्या, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये. ब्लॉकखाली रहिवाशांची बाग नुकतीच सुरू झाली होती. आमच्या वाट्याच्या वाफ्यात त्यांनी सासऱ्यांनी वर्षानुवर्षं निवडून राखलेल्या मिरचीचं बी टाकलं. माझा नवरा प्रबोध बँकेतून आला की टायसकट आधी तिथे जायचा. वडिलांबद्दल तो कधी बोलला नाही. त्या झाडांपाशी नुसता उभा राहायचा.

२००७च्या डिसेंबरात पावसाने उसंत दिली नाही. शेजारच्या रोकियाच्या पिकत्या मिरच्यांवर गोल, खोलगट, काळे डाग दिसले, आणि आई एकदम खुलल्या. मला रागच आला. लोकांच्या मिरच्या सडतायत आणि यांचा चेहरा बघा!

त्यांनी बागेतल्या सगळ्यांना गोळा केलं. मिरचीच्या सगळ्या वाफ्यांवर अर्क मारायचा, एकावर मात्र नुसतं पाणी. तो सडला आणि बाकीचे तगले, तरच औषधाला गुण आहे म्हणायचं. खरं तर असे दोन-तीन वाफे हवेत, पण लोकांच्या तोंडचा घास किती काढणार? कोणता वाफा ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे लबाडीला जागा नको. चिठ्ठी रोकियाने उचलली. आमचाच वाफा निघाला.

"पिक अगेन, आंटी, पिक अगेन लाह!" ती कळवळून म्हणाली.

"नो. दिस वन," आई म्हणाल्या. प्रबोध आमच्या मिरच्यांकडे बघत होता.

जानेवारी सरताना सगळे वाफे बऱ्यापैकी तगले होते. आमचाही. रोकियाने आनंदाने आईंना मिठी मारली. आईंनी तिला हळूच बाजूला केलं आणि सगळ्यांना सांगितलं, की औषधाने काही झालेलं नाही, नुसत्या पाण्याचा वाफाही तितकाच चांगला आहे. मग त्या बाकावर बसल्या. "हे म्हणायचे तेच खरं," मला म्हणाल्या. इतकं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा प्रबोध पुढे आला.

"आई, मी मारत होतो. ऑफिसला जाण्याआधी, तुझ्याच बाटलीतलं. बाबांच्या मिरच्या सडलेल्या बघवल्या नसत्या मला."

मला वाटलं, सुटल्या बिचाऱ्या. पण त्या उठल्या आणि एकेका वाफ्यापाशी जाऊन आल्या.

"म्हणजे सगळ्यांवरच मारलं आणि सगळंच तगलं. मधे पाऊसही कमी झाला होता. मग गुण औषधाचा की पावसाचा, कसं कळणार? मिरच्या वाचवल्यास रे, प्रबोध. पण मला जे बघायचं होतं, ते राहूनच गेलं."

"पुढच्या पावसात परत करू, आई."

"करू," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

ऑगस्टमध्ये आई गेल्या. हृदयविकार होता, झोपेतच गेल्या. फार वाईट वाटलं. घरात त्यांच्याशी वाद घालायची मला सवय होती.

डिसेंबरात पाऊस लागला आणि डाग पुन्हा दिसले. प्रबोधने टेक्का मार्केटमधून कडुनिंबाचा पाला आणला, आईंच्या पद्धतीने अर्क काढला, सगळ्या वाफ्यांवर मारला. आमच्यावर फक्त पाणी.

"मार की रे त्याच्यावरही," शेवटी मीच म्हणाले. त्याने नकारार्थी मान हलवली.

वडिलांच्या मिरच्या एकेक करून काळ्या पडल्या, सडल्या, गळल्या. बाजूच्या वाफ्यांत थोड्या डागाळल्या, पण बहुतेक लालभडक झाल्या. रोकिया आमच्या वाफ्याकडे बघायचंही टाळायची.

एका रविवारी प्रबोधने आमची झाडं उपटली. शेवटचं झाड हातात घेऊन तो तिथेच चिखलात बसला.

"गुण आहे गं, नीता," तो म्हणाला. "आईच्या औषधाला खरंच गुण आहे. आता हे तिला कसं सांगू?"