नजर रिंगेवर

कंपनीत किस्से शोधावे लागत नाहीत, ते भंगारासारखे आपोआप साठत जातात. भंगार उचलायला निदान टेम्पो तरी येतो, किस्से मात्र आपल्याच डोक्यात पडून राहतात. पूर्वी मी ते मैत्रिणींना सांगायचे, तेव्हा आम्ही सगळ्याच पोट धरून हसायचो. हल्ली त्या हसतात आणि मी त्यांच्याकडे बघत बसते.

आमची कंपनी निघोज्याच्या पुढे आहे. गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या काळ्या रबरी रिंगा आम्ही बनवतो. रिंग अंगठीएवढी, पण तिला बारीकशी चीर असली तरी कुणाचा तरी ब्रेक लागणार नाही. म्हणून प्रत्येक रिंग भिंगाखाली धरून बघावी लागते. मी तिथे एचआरमध्ये आहे. कोण कुठल्या कामाला योग्य, ते ठरवायचं माझं काम. म्हणजे ठरवतात दुसरेच, मी सही करते!

*

सुरुवात माझ्यापासूनच करते. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. इंटरव्ह्यूला समोर प्लांट हेड नगरकर सर होते. त्यांनी माझे मार्क बघितले, "वा वा" म्हणाले, आणि मग काळजीच्या सुरात म्हणाले, "प्रॉडक्शन मुलींना झेपत नाही हो. तुम्ही एचआरला या. तिथे लोक रडत येतात. तिथे बाईच हवी."

मला नोकरीची गरज होती. मी एचआरला गेले आणि टेबलावर टिश्यूचा डबा ठेवला.

इतक्या वर्षांत बायका माझ्यासमोर क्वचितच रडल्या. कंपनीची बस चुकवून रडायला त्यांना वेळ कुठाय? रडले ते पुरुष. सगळ्यात मोठ्यानं रडले ते स्वतः नगरकर सर, त्यांची चेन्नईला बदली निघाली तेव्हा! पुढे बदली रद्द झाली. त्या दिवशी माझ्या केबिनमधून जाताना टिश्यूचा डबा तेवढा घेऊन गेले.

*

रिंगा तपासायच्या खोलीत पहिल्यापासून फक्त बायका. ओळीनं टेबलं, प्रत्येकीसमोर दिवा आणि भिंग, आणि दिवसभर मान खाली. बाहेरचे पाहुणे आले की नगरकर सर त्यांना हमखास ही खोली दाखवायला आणतात.

एकदा असेच पाहुणे आले होते. सर रंगात येऊन सांगत होते, "बायकांना चिकाटी निसर्गतःच असते. पुरुषाला हे जमणार नाही. बघा, एक तरी उठतेय का?"

पाहुण्यांनी कौतुकानं शोभाताईंना विचारलं, "काय हो, इतका वेळ बसायची चिकाटी येते कुठून?" शोभाताई म्हणजे या खोलीच्या लाइन लीडर. मूळच्या निघोज्याच्याच, आणि जीभ कुणाला भीत नाही.

"चिकाटी कसली सायेब," शोभाताई भिंगातून डोळा न काढता म्हणाल्या, "बस साडेतीनला हाय. तवर कुटं जानार आमी?"

*

एका गौरींना निम्म्या बायका रजेवर गेल्या. नाइलाजानं त्या खोलीत तीन पोरं बसवावी लागली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक झोपला होता, एक मोबाइलवर मॅच बघत होता आणि तिसरा, रोहित, खोलीतच नव्हता! तो पलीकडच्या बिघडलेल्या मशीनभोवती जमलेल्या घोळक्यात सापडला.

नगरकर सर मुळीच चिडले नाहीत. मला समजावत म्हणाले, "मॅडम, पुरुषाचा मेंदू शिकाऱ्याचा असतो. तो कोंडून ठेवला की असं होतं. चूक आपलीच आहे."

गौरी गेल्या, बायका परत आल्या. आठवड्याभरात रोहितला त्याच खोलीवर सुपरवायझर नेमल्याचा कागद माझ्याकडे सहीला आला. मी विचारलं, "सर, हाच का?"

"अहो, त्याला त्या कामाचा अनुभव आहे ना!"

शोभाताई तेव्हा त्या खोलीत बारा वर्षं बसत होत्या. मी सही केली. राग इतका आला होता की सही नीट उमटलीसुद्धा नाही.

*

मग कल्याणी आली. हिंगोलीकडची, आयटीआयची फिटर, वय बावीस. चिखलीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. फिटर म्हणून आली आणि मुलगी म्हणून रिंगांच्या खोलीत बसली.

महिन्याभरात शोभाताई तिला घेऊन माझ्याकडे आल्या. "मॅडम, पोरगी वाईट न्हाई. पन हिचं चित्त थाऱ्यावर न्हाई. पंखा कुरकुरला का उठती, बाहेर ट्रक लागला का उठती. रिंगा तशाच पुढं जात्यात."

कल्याणी मान खाली घालून उभी होती. मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "मॅडम, पहिल्या पन्नास-साठ रिंगा मला चांगल्या दिसतात. मग रिंग दिसायली असते, पण मीच तिथं नसते."

मी तिला निगडीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दोन-तीनदा बोलावून नीट तपासलं आणि सांगितलं, एडीएचडी आहे, लक्ष न टिकण्याचा विकार. लहानपणापासूनचा. "शाळेत कुणाच्या लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं.

"माझा भाऊ वर्गात पळायचा, बाकावर चढायचा. त्याला परभणीला डॉक्टरकडं नेलं होतं," कल्याणी म्हणाली. "मी नुसती खिडकीतून बाहेर बघत बसायचे. सर म्हणायचे, किती गुणी लेकरू आहे, आवाजच नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मलाही हसू आलं नाही.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "मॅडम, सहा महिन्यांनी कायम करतात ना? पप्पा म्हणालेत, कायम झालीस तर राहा, नाहीतर सामान घेऊन घरी ये. घरी पोळ्या करपवते म्हणून आई रोज बोलायची. घरी तर मी कुठल्याच कामाची नाही." हे सगळं तिनं हसत हसत सांगितलं.

*

डॉक्टरांचा कागद घेऊन मी नगरकर सरांकडे गेले. त्यांनी तो वाचला, आणि वाचता वाचता मध्येच फोन घेतला. मग दुसरा फोन घेतला. मग एसीचा रिमोट शोधायला उठले, ते खिडकीपाशी जाऊन पार्किंगमधल्या ड्रायव्हरवर ओरडून आले. परत बसले तेव्हा एक पाय टेबलाखाली सारखा हलत होता. चहा मागवला होता, त्यावर साय धरली. चष्मा शोधत होते, तो कपाळावर होता.

"मॅडम," शेवटी म्हणाले, "हा आजार मुलांना असतो. मुलींना कसा असेल? लक्ष म्हणजे काय, शेवटी शिस्त असते. माझ्याकडे बघा!"

मी बघत होतेच.

तो कागद त्यांनी बॅगेत ठेवला आणि हरवला. दुसरी प्रत दिली, तीही हरवली. तिसरी मागायला आले तेव्हा म्हणाले, "ती पोरगी वेंधळी आहे हो, कागदसुद्धा वेळेवर देत नाही!"

*

मी ठरवलं, हिला मेंटेनन्सला हलवायची. पोरगी फिटर आहे, तिथे सारखं इकडून तिकडे पळायचं असतं, दर तासाला नवी कटकट. मेंटेनन्सचे हेड पाटील भाऊ तसा सज्जन माणूस. म्हणाले, "ताई, मशीनखाली आडवं व्हायला लागतं. मुलीच्या जातीला शोभतं का?"

कल्याणी शेजारीच उभी होती. "मी होते की आडवी!" असं म्हणाली आणि तिथल्या तिथे फरशीवर पडून दाखवलं. पाटील भाऊ घाबरून दोन पावलं मागे सरकले.

"ग्रीसचे डबे उचलायला लागतात." तिनं डबा उचलला.

"रात्रपाळी असते." ती म्हणाली, "दिवसपाळीच द्या ना भाऊ, सगळी मशिनं रात्रीच बिघडतात का?"

पाटील भाऊंनी घाम पुसला. मग मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, खरं सांगू का? आमच्या बाजूला लेडीज टॉयलेटच नाही."

मी टॉयलेटसाठी अर्ज केला. उत्तर आलं, त्या विभागात एकही महिला नसल्यामुळे गरज दिसत नाही!

*

वर्षाची बढतीची मीटिंग झाली. रोहितचं नाव निघालं. नगरकर सर खुशीत म्हणाले, "हा पोरगा एका जागी बसतच नाही!" आणि त्याला नव्या प्रोजेक्टवर घेतलं.

पुढचं नाव कायम करण्यासाठी आलेलं, कल्याणी. सर उसासा टाकून म्हणाले, "ही पोरगी एका जागी बसतच नाही." तिला आणखी एक महिना दिला. सुधारली तर कायम, नाहीतर घरी.

मी म्हटलं, "सर, वाक्य तेच आहे."

"कुठलं वाक्य?" सरांनी विचारलं. त्यांचं लक्ष नव्हतं.

रोहित बाहेर पेढे वाटत होता. पेढा देताना म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, मी तिच्यापेक्षा वाईट आहे राव. बाइकची चावी बाइकलाच विसरतो रोज." पोरगा मनानं चांगला आहे. तो पेढा मी कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकला.

*

त्या महिन्यात नगरकर सरांनी रिंगांच्या खोलीत एकाग्रता मोहीम काढली. खिडक्यांना पांढरा कागद चिकटवला. भिंतीवर बोर्ड लागला, "नजर रिंगेवर". काहीही झालं तरी मान वर करायची नाही, असा नियम. आणि परीक्षा म्हणून सर स्वतः मधूनच मागच्या दारानं येत आणि स्टीलचा ट्रे धाडकन जमिनीवर टाकत. जी दचकून वर बघेल, तिच्या नावापुढे फुली! एकदा त्यांनी शिट्टी वाजवली. एकदा तर "साप, साप!" म्हणून ओरडले. तेव्हा कल्याणीबरोबर आणखी चौघींना फुली मिळाली.

हळूहळू बायका तयार झाल्या. ट्रे पडला तरी पापणी हलेना. सर येता-जाता म्हणायचे, "बघा मॅडम, याला म्हणतात ट्रेनिंग."

कल्याणीच्या फुल्या थांबेनात. एक दिवस मी खोलीत गेले, तर तिनं ओढणीचं एक टोक कमरेला आणि दुसरं खुर्चीच्या पायाला बांधलं होतं. उठायला गेलं की ओढ बसेल आणि आठवेल, म्हणून.

शोभाताईंनी खाली बसून ती गाठ सोडली. "अगं, जनावर हाईस का दावनीला बांधायला?" असं म्हणाल्या. कल्याणी म्हणाली, "ताई, राहू द्या ना. आठच दिवस राहिलेत." मी तिथून सरळ माझ्या केबिनमध्ये आले आणि दार लावून घेतलं. टिश्यूचा डबा नवीन होता, पहिल्यांदा मीच उघडला.

*

आणि मग तो शेवटचा आठवडा.

दुपारची वेळ होती. रिंगांच्या खोलीच्या भिंतीपलीकडे रबर शेकायचा ओव्हन आहे, त्यानं पेट घेतला. आग मोठी नव्हती, पण रबराचा धूर फार वाईट. कुणीतरी फायर अलार्मची काच फोडली, सायरन सुरू झाला. आम्ही ऑफिसची माणसं धावत मैदानात जमलो. मोल्डिंगची पोरं आली, मेंटेनन्स आलं, कँटीनवाले हातात झारा घेऊन आले. नगरकर सर सगळ्यांच्या आधी आले होते. रिंगांच्या खोलीतलं मात्र कुणीच दिसेना.

मग कल्याणी एकटी पळत येताना दिसली. मैदानाच्या कडेला ती थबकली, मागे वळून बघितलं, आणि आली तशी परत आत पळाली. थोड्या वेळानं शोभाताईंचा दंड धरून ती बाहेर आली, आणि त्यांच्या मागे पदरानं तोंडं झाकलेल्या सगळ्या बायका. शोभाताई खोकत खोकत मला म्हणाल्या, "मॅडम, आमाला वाटलं सायेबांची परीक्षाच हाय."

कुणाला काही झालं नाही. आग विझली.

दोन दिवसांनी मीटिंग झाली. आगीचा आढावा, आणि त्याच मीटिंगमध्ये कायम करायच्या नावांची यादी. नगरकर सर, पाटील भाऊ, मी, आणि साक्षीला बोलावलेल्या शोभाताई. सरांनी रिंगांच्या खोलीचं कॅमेऱ्यातलं चित्रण मोठ्या पडद्यावर लावलं. सायरन ठणाणा वाजत होता, दाराच्या फटीतून धूर आत येत होता, आणि दोन्ही ओळींत सगळ्या बायका मान खाली घालून भिंगातून रिंगा बघत होत्या. फक्त एक खुर्ची रिकामी होती.

सरांनी तिथेच चित्र थांबवलं. सर खूप वेळ पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आज यांच्या डोक्यात उजेड पडला. कल्याणी कायम झाली, असं मी मनात म्हणूनही टाकलं.

"बघा," सर भारावून म्हणाले. "सायरन वाजतोय, धूर येतोय, आणि एकीनं तरी मान वर केली का? याला म्हणतात एकाग्रता!"

मग त्यांचं बोट त्या रिकाम्या खुर्चीवर गेलं. "आणि ही कुणाची?"

"कल्यानीची," शोभाताई उठून उभ्या राहिल्या. "सायेब, धुराचा वास पयला तिला आला. भोंग्याच्या काचंला हात लावनारं कुनी नव्हतं, ती फोडली ती तिनंच. हा जो भोंगा वाजतोय न्हवं, त्यो तिनं वाजवलाय."

सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, यादी पुढे ओढली आणि पेन उघडलं.

"म्हणजे सायरन वाजायच्या आधीच जागा सोडली होती!"