हॉल्टपुऱ्यातलं तेविसावं घर

वर्धा आणि पुलगावच्या मध्ये रेल्वेचा एक हॉल्ट, म्हणजे छोटा थांबा, होता. तिथे नत्थूजींनी सव्वीस वर्षं तिकिटं विकली. ते रेल्वेचे नोकर नव्हते, कमिशनवरचे एजंट. सकाळी भाजीच्या टोपल्या घेऊन बाया वर्ध्याला जायच्या, डबे घेऊन मिलमधली माणसं पुलगावला. माणसं गाडीची वाट पाहत थांबायची म्हणून चिंधूनं चहाची टपरी टाकली. आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्यांना सायकली ठेवायला जागा हवी होती, म्हणून छायाच्या आईनं सायकल स्टँड काढलं आणि राखण करता करता तिथंच झोपडी बांधली. मग शिंपी आला, पिठाची चक्की आली. रुळांपलीकडच्या सरकारी पडीत जमिनीवर बघता बघता तेवीस घरं झाली. लोक त्या वस्तीला हॉल्टपुरा म्हणू लागले.

लॉकडाउनमध्ये गाड्या बंद झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात नत्थूजींची बायको रुख्मिणी कोरोनानं गेली. गाड्या पुन्हा धावू लागल्या, पण हॉल्टवर थांबेनात. नत्थूजींना दोन्ही गोष्टींचं काही वाटेना. भेटायला आलेल्यांना ते स्वतः पाणी देत होते. रडू येईल म्हणून त्यांनी काही दिवस वाट पाहिली, मग तेही सोडलं.

गेल्या वर्षी तहसीलमधून एक साहेब आले. दोन हजार अकराच्या आधीचं घर असेल तर जागेचा पट्टा मिळणार होता, पण तसा पुरावा हवा होता. हॉल्टपुऱ्यात कोणाचे कागद वाळवीनं खाल्लेले, कोणाकडे मुळात नव्हतेच. छाया नत्थूजींच्या घरी आली.

"काका, कोन कवा आलं हे तुमालेच ठाव हाय. तुमी सांगा ना जी."

ते गेले. चक्कीसमोर खुर्चीवर बसून त्यांनी एकेका घराची हकीकत सांगितली. शिंपी आला ते वर्ष फलाटावर हातपंप बसला ते. चक्कीवाला आला तेव्हा नत्थूजींची मुलगी मोनाली दहावीला होती. साहेब जुन्या मतदार यादीशी ताडून पाहत होते आणि दरवेळी जुळत होतं. बावीस घरं झाली.

शेवटचं घर मुकेशचं. मुकेश ऑटो चालवायचा. रुख्मिणीला श्वास घेता येईना आणि शेजारपाजारचं कोणी जवळ यायला तयार नव्हतं, तेव्हा यानंच तिला उचलून ऑटोत घातलं होतं. वर्ध्याच्या दवाखान्याबाहेर तो तीन दिवस बसून होता. हे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

साहेबांनी विचारलं, हे घर कधीचं?

"दोन हजार सोळा," नत्थूजी म्हणाले. "दिवाळीच्या आधी."

साहेबांनी लिहून घेतलं. मुकेशनं ऑटो सुरू केला आणि तो निघून गेला.

छाया नत्थूजींच्या मागे रेल्वे फाटकापर्यंत आली. "काऊन असं सांगतलं, काका?"

एक जरी खोटं निघालं असतं तर बाकीची बावीस घरंही लटकली असती, असं ते म्हणाले. तिला ते पटलं. पण खरं म्हणजे तेव्हा त्यांच्या मनात हे आलंच नव्हतं. विचारलं, त्यांनी सांगितलं. एवढी वर्षं लोकांना गाडीची वेळ सांगायचे, तसंच. घरी जाताना त्यांना वाटलं, आता तरी लाज वाटेल. नाही वाटली. ऊन मात्र मानेला लागत होतं.

बावीस घरांना पट्टे मिळाले. मुकेशला जागा खाली करायची नोटीस आली. ते कळल्यावर नत्थूजी हॉल्टपुऱ्यात गेले. आपल्या घरामागे गोठ्याला लागून मोकळी जागा होती, ती त्यांनी पावलांनी मोजून ठेवली होती.

"तिथं बांध. मी लिहून देतो."

मुकेश म्हणाला, "काकू असत्या तर त्या दिवशी तुमाले बोलल्या असत्या."

"हो. बोलली असती."

आता गोठ्याजवळ दोन खोल्या उभ्या आहेत, वर टिनाचं छप्पर. मुकेशची बायको रंजिता संध्याकाळी नत्थूजींना ताट आणून देते. ते सगळं संपवतात, ताट घासून परत ठेवून येतात. काय भाजी होती असं दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं, तर त्यांना सांगता येत नाही.